सहाशे बारा भागांची सुरुवात

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी १०.
रोज किती पाणी पितो ते लिहून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. बायकोने ही वही आणून दिली. दोनशे पानी. म्हटलं, एवढी कशाला, फेब्रुवारीत मी सुटणार. ती म्हणाली, उरली तर कोरी राहू द्या.
पानं वाया जाऊ नयेत म्हणून विचारही लिहायचं ठरवलं.
पाणी: मर्यादा आठशे मिली. प्यालो सातशे. चहा धरलेला नाही. सूपही नाही. सूप चमच्याने घेतात, म्हणजे ते खाणं झालं.

बुधवार, ८ जानेवारी. दुपारी १.
डायलिसिसच्या खुर्चीतून लिहितो आहे. आठवड्यातून तीनदा, बारा ते चार. रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. चार तास उठायचं नाही. नाक खाजलं तरी आधी विचार करायचा, मग हात हलवायचा.
माझ्या मानेत बसवलेली नळी तात्पुरती आहे. नळी तात्पुरती तर आजारही तात्पुरता, एवढं तर्कशास्त्र मला कळतं. डॉक्टर 'बघू' म्हणाले आहेत. ज्याला आशा नसते तो 'बघू' म्हणत नाही.
बाकीचे इथले कायमचे. त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं. माझी खुर्ची चार नंबर. तीन नंबरला शिंपीकाका, वय सहासष्ट, सहा वर्षं येताहेत. पाच नंबरला एक निवृत्त मुख्याध्यापिका. भिंतीवर एकच टीव्ही. रिमोट ज्येष्ठतेनुसार शिंपीकाकांकडे. ते चारही तास घरं दाखवायचा कार्यक्रम लावतात. एक जोडपं घर बघतं, स्वयंपाकघर अंधारं आहे म्हणतं आणि निघून जातं. आज अशी अकरा घरं पाहिली. मला एकही पसंत पडलं नाही.
संकल्प: इथे आहे तोवर या लोकांना काहीतरी देऊन जायचं.

शुक्रवार, १० जानेवारी.
काय द्यायचं ते ठरलं. 'ध्रुवस्थानक'.
अंतराळाच्या अगदी टोकाला एक स्थानक, दर दोन-तीन सीझनला नवा स्थानकप्रमुख, आणि तिथून कुणालाच घरी जाता येत नाही. एकतीस सीझन, सहाशे बारा भाग. मी ग्रंथालयात सूचीकार आहे. क्रम लावण्यात हयात गेली. या विषयावर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस निदान या इमारतीत तरी नसावा.
नवख्याने कुठून सुरू करावं, हा यातला कळीचा प्रश्न. त्यावरून माझं आणि मेहुण्याचं नऊ वर्षं बोलणं नाही. तो म्हणतो नवव्या सीझनपासून. मी म्हणतो, पुस्तक कुणी नवव्या प्रकरणापासून वाचतं का. बायकोला मी लग्नानंतर रीतसर पहिल्या भागापासून सुरुवात करून दिली होती. दुसऱ्या भागात तिचा डोळा लागला. त्याला बावीस वर्षं झाली. तिने मालिका सोडली असं मी मानत नाही. ती दुसऱ्या भागात आहे.
काकांपाशी विषय काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. भाग किती, म्हणाले. सांगितलं. एकेक केवढा? पाऊण तासाचा. छताकडे बघत त्यांनी हिशेब केला. एका बैठकीत पाच, आठवड्याला पंधरा, म्हणजे एक्केचाळीस आठवडे. मी म्हटलं, तोवर मी काही इथे नसेन. ते म्हणाले, मीही नसेन बहुतेक.
त्यांनाही सुटायची आशा आहे हे ऐकून बरं वाटलं.

सोमवार, १३ जानेवारी.
काका म्हणाले होते, सगळं नको, निवडक द्या. रास्त आहे. शनिवार-रविवार बसून 'अत्यावश्यक भाग' अशी यादी केली. पाचशे चौऱ्याऐंशी निघाले. काकांनी यादी हातात घेतली, लांबी बघितली, आणि गळ्यातला टेप काढून मोजणार असं वाटलं. (टेप नव्हता. पण नजर तीच.)
वजन अडीच किलोने वाढलं. सिस्टरांनी विचारलं, पाणी किती. मी वही दाखवली. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पायाची सूज बोटाने दाबली. खड्डा पडला. मी म्हटलं, मोजे घट्ट आहेत.
मोजे घातले नव्हते.

बुधवार, १५ जानेवारी.
यादी दोनशे बारावर आणली. एकेक भाग गाळताना काळजाचा लचका तुटत होता. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, एकच सांगा ना, एखादा चांगलासा. त्यांना समजावलं की असा सुटा भाग नसतो, मागचं-पुढचं माहीत असावं लागतं. त्या म्हणाल्या, अर्ध्या वर्षात नवं मूल आलं तर आम्ही वर्ष परत सुरू करत नव्हतो. बाकावर सरकून जागा करून देत होतो.
शाळांची अवस्था अशी का आहे ते कळलं.
डॉक्टर आले. म्हणाले, मानेतली नळी फार दिवस ठेवता येत नाही, जंतू शिरतात, हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायचं छोटं ऑपरेशन करून घ्या, म्हणजे कायमची सोय होईल. मी म्हटलं, पाहुण्याने घराला रंग देऊ नये. त्यांना विनोद कळला नाही. बघू, म्हणाले. बघा, पुन्हा 'बघू'.

शुक्रवार, १७ जानेवारी. दुपारी ४.३०, रिक्षाची वाट बघत.
आज पहिला भाग दाखवला. त्याबद्दल थोडक्यात.
यादी बाजूला ठेवली आणि तत्त्वाला चिकटून सीझन एक, भाग एक लावला. काकांनी रिमोट आपणहून दिला. कृष्णधवल चित्र. सुरुवातीला स्थानकाचं दार अकरा मिनिटं दिसतं. ते उघडत नाही. हे धाडस आज कुणात आहे, असं मी सांगितलं. दाराचं महत्त्व चोविसाव्या भागात कळतं, हेही सांगितलं. मग दार का उघडत नाही ते सांगितलं. तेवढ्यात ते उघडलं, आणि मी बोलत असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा अकरा मिनिटं.
स्थानकप्रमुख आत आले. काका पहिल्यांदाच पुढे सरसावले. म्हणाले, या माणसाची बाही चुकीची बेतली आहे, हात वर केला की काखेत उसवेल. स्थानकप्रमुखांनी सलामीला हात वर केला. टराटरा आवाज आला. सगळा विभाग हसला. सिस्टर, टेक्निशियन, दोन नंबरचे गृहस्थ, जे महिन्याभरात कधी हसले नव्हते. साठ वर्षांत कुणाही समीक्षकाला हे दिसलेलं नाही.
मग काका झोपले. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही थोडं कमी समजावून सांगा, ब्लडप्रेशर वाढतंय. कुणाचं, विचारलं. तुमचं, म्हणाल्या.
एकंदरीत प्रतिसाद चांगला.

बुधवार, २२ जानेवारी.
सोमवारपासून पुन्हा घरं. आज एका जोडप्याला जिना आवडला नाही. माझी यादी काकांनी घडी करून उशाखाली ठेवली आहे. मान नीट टेकते, म्हणाले.
पाणी: लिहिलेलं नाही. रागात तहान जास्त लागते, तो वैद्यकीय विषय नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी. दुपारी ४.
घरी आहे. गेलो नाही.
विचारपूर्वक घेतलेला निर्णय. गेले दोन दिवस मला उत्तम वाटतं आहे. मूत्रपिंडं काम करायला लागली असतील तर त्यांना संधी कोण देणार? मशीनच रोज पुढे पुढे करत राहिलं तर त्यांनी शिकायचं कधी? बायकोला सांगितलं, मशीन दुरुस्तीला गेलं आहे.
दुपारी निवांत बसलो. खुर्चीतून हवा तेव्हा उठलो. उगाचच तीनदा उठलो. दोन ग्लास पाणी प्यालो, गार, एका दमात. किती दिवसांनी.

शनिवार, २५ जानेवारी.
जिना चढताना थोडी धाप. जिनाच उंच आहे. त्या जोडप्याचं म्हणणं पटलं.

रविवार, २६ जानेवारी. दुपार.
आडवं झालं की श्वास लागतो. म्हणून बसून आहे. बसूनही

मंगळवार, २८ जानेवारी. वॉर्ड.
रविवारी मध्येच राहिलं. छातीत पाणी भरलं होतं. अँब्युलन्स, ऑक्सिजन, तातडीने डायलिसिस. मधलं नीट आठवत नाही. बायकोने डायलिसिस विभागात फोन करून विचारलं होतं, मशीन दुरुस्त झालं का. ते म्हणाले, कुठलं मशीन.
ती शेजारी बसून आहे. रागावली असती तर उत्तर तयार होतं. दुपारी झोपेतून उठलो तर ती माझ्या पायावर बोट दाबून बघत होती. खड्डा भरेपर्यंत बघत राहिली.
मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, हे वहीत लिहा.
लिहिलं.

बुधवार, २९ जानेवारी.
खुर्ची नंबर चार. सगळ्यांनी मान डोलावून स्वागत केलं, कुणी काही विचारलं नाही. इथे कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतं. काका एवढंच म्हणाले, मीही पहिल्या वर्षी दोनदा करून बघितलं.
यापेक्षा मोठा धक्का टीव्हीवर होता. 'ध्रुवस्थानक' लागलं होतं. माझ्या गैरहजेरीत यांनी आपणहून सुरू केलं. आणि कुठून? सत्ताविसावा सीझन. त्यातही दोन भागांची एक गोष्ट आहे, तिच्या दुसऱ्या भागापासून. रिमोटवर बोट पडलं, ते लागलं, म्हणाले. जगात सुरुवातीसाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.
नऊ भाग झालेत. स्थानकावर फितूर कोण, यावर मुख्याध्यापिकाबाई आणि सिस्टर यांच्यात वाद आहे. दोन नंबरचे गृहस्थ बाईंच्या बाजूने. मी म्हटलं, मागचे सव्वीस सीझन माहीत नसताना तुम्हाला कळतं काय. काका म्हणाले, एक बाई आत अडकली आहे, बाहेर पडायला बघते आहे, आणि तिची सख्खी बहीण दार उघडत नाही. एवढं कळलं की पुढचं कळतं.
मग त्यांनी मला विचारलं, ती चांदीची पेटी कसली.
म्हटलं, कळेल पुढे.

शुक्रवार, ३१ जानेवारी.
ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. एकोणिसाव्या सीझननंतर मी 'ध्रुवस्थानक' पाहिलेलं नाही. नव्या स्थानकप्रमुखाच्या निवडीविरुद्ध मी निर्मात्यांना चार पानी पत्र पाठवलं होतं. उत्तर येईपर्यंत बघायचं नाही असं ठरवलं. उत्तर यायचं आहे. यादीतले पुढचे भाग मी नावांवरून निवडले होते.
पेटी कसली ते मला माहीत नाही.
आणि एक. मी स्वतः सुरुवात केली ती दहाव्या वर्षी, शेजारच्यांच्या खिडकीतून. भाग कुठला होता कोण जाणे. काच बंद होती, आवाज येत नव्हता. एक माणूस काचेला हात लावून उभा होता. तेवढ्यावर चाळीस वर्षं काढली.
मेहुण्याला यातलं काही कळता कामा नये.

सोमवार, १० फेब्रुवारी.
डॉक्टर पुन्हा हाताच्या ऑपरेशनचं बोलले. मी आधी विचारलं, मूत्रपिंडं पुन्हा सुरू होण्याचा संभव किती. सरळ विचारायची ही पहिलीच वेळ. त्यांनी 'बघू' म्हटलं नाही. नाही, म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि दहा मिनिटं सगळं नीट समजावून सांगितलं. मला थांबवावंसं वाटलं, पण जाणार कुठे. दोन नळ्यांनी बांधलेला होतो.
ते गेल्यावर काकांनी आपला डावा हात माझ्या बाजूला सरकवला. म्हणाले, बोट ठेवा. कातडीखाली बारीक घरघर चालली होती, न थांबता. ऑपरेशननंतर रक्त असं धावतं, म्हणाले. सुरुवातीला झोप येत नव्हती, दुकानातलं मशीन कुणीतरी चालूच ठेवलंय असं वाटायचं. आता थांबलं तर झोप उडेल.
बराच वेळ बोट तिथेच ठेवलं होतं. मग फॉर्म मागितला. सिस्टरांनी विचारलं, लिहिता कुठल्या हाताने? उजव्या. मग डाव्यावर करू, म्हणाल्या, उजवा तुम्हाला लागेल.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपारी १.
गुरुवारी ऑपरेशन झालं. डाव्या हाताला पट्टी. हा हात तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतील, तोवर मानेतली नळीच. या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर घड्याळ बांधायचं नाही. मोठे डॉक्टर तपासायला आले तेव्हा विचारलं, किती दिवसांपासून डायलिसिसवर. म्हटलं, तिसरा महिना. अच्छा, म्हणजे तुम्ही अगदीच नवीन, म्हणाले.
टीव्हीवर अठ्ठाविसावा सीझन. निळ्या झग्यातली एक बाई आली आणि सगळे एकदम गप्प झाले, पडद्यावरचेही आणि खुर्च्यांवरचेही. मला ती कोण ते माहीत नव्हतं. दोन मिनिटं कळ काढली. मग खालच्या आवाजात काकांना विचारलं, ही कोण. काकांनी वळून पाहिलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. एवढंच म्हणाले, तुम्ही पाहिलं नाही होय.
नाही, म्हटलं. मग विचारून टाकलं, मी कुठून सुरू करू.
बसला आहात तिथूनच, म्हणाले, आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.
पहिली वीस मिनिटं काहीएक कळलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बघत बसलो. चार वाजेपर्यंत कुठे जाणार होतो. बुधवारीही इथेच आहे.