सौ.चा डावा डोळा

माघ शु. ११, शके १८५६

म्युनिसिपालिटीचा माणूस सकाळीच आला नि न विचारता विहिरीत तांबडं औषध टाकून गेला. पाणी जांभळं झालं. म्हणे पटकी येऊ नये म्हणून. पटकी आहे कुठे? तर म्हणतो, "हुकूम आहे." माझा जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेला. हुकूम कसे निघतात ते मला शिकवू नये. आंघोळ शेजाऱ्यांच्या विहिरीवर.

संध्याकाळी सौ.ने चहा कपाबाहेर ओतला. म्हणाली, दिवा मंद आहे. घासलेटात भेसळ असणार. उद्या त्या दुकानदाराला धरतो.

माघ व. २

चि. दत्तू शाळेतून बातमी घेऊन आला. मुंबईचा कोणी डोळ्यांचा डॉक्टर इथल्या इस्पितळात येऊन राहिलाय, मोतीबिंदू काढतो, तेही फुकट. "आप्पा, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुम्हाला दिसत नाही का?" मास्तर झाला म्हणून आता बापालाच प्रश्न घालतो.

फुकट कापणाऱ्याला हात बसवायला डोळे हवे असतात. आमचे डोळे मुंबईपेक्षा स्वस्त, दुसरं काय!

माघ व. ६

पूर्णगडहून भाऊराव, माझा मावसभाऊ, मोटारीने आला. वाटेत दोनदा उतरून ढकलली म्हणे, तरी स्तुती तिचीच. भाऊरावाचा एक डोळा मोतीबिंदूवर सुई घालून घेताना गेला. ती हकिगत सौ.ला ऐकू जाईल अशी मुद्दाम वदवली. ती तांदूळ निवडत होती. बोटांनीच. म्हणाली, "तो वैदू हो, दारावर आलेला. डॉक्टर कुठे होता?"

सुई ती सुई.

माघ व. ९

सौ.चा हात भाजला. तपेलं चाचपायला गेली नि निखाऱ्यांत हात. खोबरेल लावलं. मी ओरडलो, बघून करता येत नाही का म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "वर्ष झालं, तुमचं तोंड मला दिसत नाही. आवाजावर चालवत्ये. सांगितलं असतं तर तुम्ही घासलेटवाल्याशी भांडत बसला असतात."

जेवण गेलं नाही.

माघ व. १२

डॉक्टर बघून आलो. तरणा आहे, मिशीसुद्धा धड नाही. सरळ विचारलं, "तुमच्या हातून किती डोळे गेले?" वाटलं चिडेल. म्हणाला, "काही गेले. तुमच्या घरच्यांचाही जाऊ शकतो. पण न कापताही जातोच आहे."

थापा मारल्या असत्या तर उठून आलो असतो. असं तोंडावर खरं बोलणाऱ्याचं काय करायचं? उलट संशय वाढला.

दिवस दिला तो नेमका अमावास्येचा. दुसरा मागितला तर बाकीचे भरलेत. घरी येऊन सौ.ला सांगितलं, अमावास्या आहे, नको.

"मला रोजचीच अमावास्या. मी जात्ये."

माघ अमावास्या

आज डावा डोळा. मला नि दत्तूला बाहेर बाकावर बसवलं. डोळ्यात थेंब घालून बधिर करतात, माणूस जागाच असतो. जागेपणी सुरी! आतून काही आवाज नाही. ओरडली असती तर आत तरी घुसलो असतो.

आणली तेव्हा दोन्ही डोळे बांधलेले. डोक्याच्या दोहों बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही.

"झालं का?"

"त्यांना विचारा. मी रामरक्षा म्हणत होत्ये."

फा. शु. २

पेज चमच्याने भरवतो. जन्मात कुणाला भरवलं नव्हतं. अर्धी तिच्या मानेवर.

"वर्तमानपत्र वाचा," म्हणाली. वाचलं. बिनतारी यंत्रातून विलायतेतलं गाणं घरात ऐकू येतं म्हणे. मी म्हटलं, ज्यांना शेजारच्या खोलीतली हाक ऐकू येत नाही त्यांनी जरूर विकत घ्यावं. सौ.ला हसू आवरेना. नर्सबाई धावत आली. "आजोबा, त्यांना हसवू नका, जखम उघडेल!"

मी कुठे हसवत होतो? मनापासून बोलत होतो. पण पेपर मिटला.

फा. शु. ५

कालपासून डोळ्यात ठणका. डॉक्टरने पट्टी सोडली, बघितलं, परत बांधली. नर्सबाईला इंग्रजीत म्हणाला, एव्हाना लाली उतरायला हवी होती. या म्हाताऱ्याला इंग्रजी कळतं हे त्याच्या ध्यानीमनी नसावं.

"काय म्हणाले हो?" सौ.

"ठीक आहे म्हणाले."

थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही कधीपासून डॉक्टरवर विश्वास ठेवायला लागलात?"

फा. शु. ८

ठणका कमी. पट्टी काढली. डोळा लालच आहे. डॉक्टरने तिला खिडकीकडे बघायला लावलं. मग ती हळूच म्हणाली,

"उजेडाचा चौकोन आहे. त्यात कुणी उभं आहे. डोक्यावर काही नाही त्याच्या."

मीच तो. गडबडीत टोपी बाकावर राहिली होती.

डॉक्टर म्हणतो, चष्मा येईपर्यंत इतकंच दिसायचं. लाली उतरली तर डोळा राहील, चढली तर सांगता येत नाही. आणि स्वतः उद्याच्या बोटीने मुंबईला चालला! मग चढली तर दाखवायचं कुणाला? "इथले डॉक्टर आहेत की." आहेत म्हणे.

निघताना सौ.ने माझी बाही धरली. चाचपडत नाही, बघून धरली असं मला वाटलं. खात्री नाही.

"अहो, बोट सुटायच्या आत विचारा त्यांना. उजवा कधी करतील?"

विचारतो म्हटलं. सकाळी बंदरावर जायला हवं. त्याला नक्की काय विचारायचं, ते अजून ठरत नाही.