इलोन्का नेनींच्या पाच पायऱ्या

ती. बेत्काताईस,

धाकट्या भावाचा (धाकटा म्हणजे आता त्रेसष्ट पूर्ण) नमस्कार. ब्रातिस्लाव्हात थंडी फार असेल. गुडघे काय म्हणतात? इकडे तिसा नदीवर धुकं आहे, माझं पोट बिघडलं आहे आणि बाकी सर्व क्षेम आहे. चार वर्षांत ओळ नाही आणि आज एकदम एवढी पानं, याचं तुला आश्चर्य वाटेल. वाटू दे. आधी पोट का बिघडलं ते ऐक.

मला आपल्या इमारतीचा अध्यक्ष केलं. निवडून दिलं म्हणवत नाही, कारण हात वर झाले तेव्हा मी छत्री आणायला घरात गेलो होतो. परत येईतो टाळ्या वाजत होत्या. एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं (हक्क डाव्या रकान्यात, कर्तव्यं उजव्या, जबाबदाऱ्या जागा उरली तर खाली), त्यामुळे या पदाला माझ्याइतका लायक माणूस नाही असं सगळ्यांचं मत पडलं आणि खरं सांगायचं तर माझंही पडलं.

पहिलंच काम निघालं ते इलोन्का नेनींचं. तळमजल्यावरच्या आपल्या हंगेरियन म्हातारीला, सगळ्या इमारतीच्या नेनीला म्हणजे मावशीला, तू विसरली नसशील. आईच्या शेवटच्या दुखण्यात रोज सूप पाठवायच्या त्या. खुबा मोडल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत आहेत, आणि इमारतीचं दार आणि रस्ता यांच्यामध्ये पाच पायऱ्या. अकरा महिने बाई बाहेर पडलेल्या नाहीत. मार्चमध्ये निवडणूक आहे. मतपेटी घरी मागवता येते हे मी त्यांना कलमांसकट समजावलं, तर म्हणाल्या, "पेटीशी काय भांडू रे, ओन्द्रेय? मला रांगेत जायचंय. गावाला शिव्या घालायच्या तर तिथंच!" मग आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून न्यायची तयारी दाखवली. "मी मतदार आहे, कपाट नाही," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. तेव्हा पायऱ्यांशेजारी उतार बांधायचं ठरलं. नगरपालिका बांधून देणार, फक्त दहाही घरांच्या सह्यांचा अर्ज पंधरा जानेवारीच्या आत हवा.

आता आपल्या दहा घरांत पंचांगं किती हे तुला माहीत आहे. एकाचा नाताळ डिसेंबरात, दुसऱ्याचा जानेवारीत, बेकरीवाल्या जेलीलचे सण चंद्राबरोबर फिरतात. कुणाचा सण मोडू नये म्हणून मी चार रंगांच्या पेन्सिली घेऊन तक्ता केला आणि नोव्हेंबरातला असा एक शनिवार शोधून काढला, की ज्या दिवशी कुठल्याच देवाचं काही नव्हतं. सभेला एकटा जेलील आला. बाकी झाडून सगळे डुकरं कापायला आपापल्या गावी गेले होते. पहिल्या थंडीचा शनिवार, ताई! घरच्या सॉसेजांवर पोसलेला मी, आणि तक्त्यात डुक्करच विसरलो. जेलीलला त्या प्राण्याशी देणंघेणं नाही, म्हणून तो बिचारा आला. आम्ही दोघांनी सभा रीतसर तहकूब केली आणि त्याने आणलेला चीज भरलेला बुरेक खाल्ला.

मग ठरवलं, माणसं सभेला येत नाहीत तर सभाच माणसांकडे न्यायची. एकोणीस डिसेंबरला चौथ्या घरातल्या ल्युबिवोयेची स्लावा, त्याच्या कुळाच्या संताचा दिवस. स्लावेला कुणी बोलवत नाही, आपण जायचं असतं, म्हणजे सगळी इमारत तिथे असणार. अर्ज कोटाच्या खिशात घातला, उकडलेल्या गव्हाचा चमचा तोंडात घातला (त्यांचे उपासाचे दिवस, म्हणून नुसते मासे; मी पाच खाल्ले) आणि मेणबत्तीशेजारी उभा राहून नागरिकाच्या कर्तव्यांवर बोलू लागलो. हातात पेला होता, तिथेच घोळ झाला. पेला घेऊन उभा राहिलेला माणूस त्या घरात यजमानाला शुभेच्छाच देतो, दुसरं काही देत नाही. "कर्तव्य पहिलं: शेजाऱ्याची अडचण ती आपली अडचण," मी म्हणालो. सगळे उठले, "झिवेली!" म्हणून ओरडले आणि पेले रिकामे झाले. माझाही करावाच लागला. दुसऱ्या कर्तव्याला दुसरा. सातव्याला मी ल्युबिवोयेपुढे अर्ज धरला. तो म्हणाला, "मास्तर, आज यजमान दिवसभर बसतसुद्धा नाही, सही कुठली करतोय! तुम्ही आठवं होऊन जाऊ द्या." आठवं कोणतं होतं ते मला अजून आठवत नाही.

सकाळी जाग आली ती जेलीलच्या बेकरीत, पिठाच्या पोत्यांवर. वरच्या मजल्यावर चढवणं जमेना, म्हणून चौघांनी मला खुर्चीसकट उचलून त्या पाच पायऱ्या उतरवल्या होत्या. कपाटासारखं. नेनी खिडकीत होत्या म्हणे, आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

स्लावेच्या घरात त्या रात्री एक जेलील तेवढा शुद्धीवर होता, कारण तो पीत नाही. त्याने माझ्या खिशातून अर्ज काढला आणि एकही कर्तव्य न सांगता अर्ध्या तासात सगळ्या घरांच्या सह्या घेतल्या. एक सोडून. ल्युबिवोयेने उभ्या उभ्याच केली. असो. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
ओन्द्रेय

ता. क. राहिलेलं घर आपलं. आई गेल्यावर ते दोघांच्या नावावर झालं, आणि मालक दोन तर सह्या दोन. माझी केली आहे. तुझ्या नावापुढची ओळ रिकामी आहे. अर्ज सोबत जोडला आहे.

आणखी एक. आईला पोचवून आल्यावर जेवणाच्या टेबलावर मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, की तू दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतलास, आता इथल्या घरात बोलायचा तुला हक्क नाही. नागरिकशास्त्राचा मास्तर मी, आणि तुझा डावा रकाना एका फटक्यात पुसून टाकला. चुकलं माझं, ताई. उतारासाठी म्हणत नाही. सही करणार नसलीस तरी चुकलंच.

आणि शेवटचं. नेनींनी खिडकीतून विचारलं, कुणाची सही राहिली? मी म्हटलं, बेत्काची. तर म्हणाल्या, "तिची सही कसली राहिलीय! तुझं पत्र राहिलंय, गाढवा, चार वर्षांचं." म्हणून हे लिहिलं. टपालपेटी रस्त्यापलीकडेच आहे, आणि मी खरंच टाकतो का ते बघायला त्या खिडकी उघडून बसल्या आहेत.