हात खाली येईपर्यंत

पनवेल,
५ डिसेंबर २०२५

ती. वन्संस,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि हळद दोन्ही पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर मला लिहिता येत नाही, तेव्हा आपल्या दोघींना पोस्टमनच बरा.

पुढच्या महिन्यात ह्यांना जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्ध घरीच आहे. त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ह्यांच्या आठवणीचा एक कार्यक्रम ठरलाय. गाड्यांच्या शर्यतींमधले लोक येणार, कारखान्यातले जुने सोबती येणार, पेपरवाले येणार. तुमच्या धाकट्या भावाने पंचाहत्तर साली कच्छच्या रणात जमिनीवरच्या वेगाचा देशातला पहिला विक्रम केला, हे सगळ्यांना आता एकदम आठवलंय. जिवंत होते तेव्हा बाजारात जाताना स्कूटर इतकी हळू चालवायचे की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून वैतागायचे.

इथवर ठीक होतं. पण आपल्या सत्यजीतची रेवा ती गाडी चालवणार म्हणते. तुम्ही जिला पडवळ नाव ठेवलंत, तीच. ह्यांच्या मेकॅनिकच्या, काशिरामच्या, विचुंब्याच्या जमिनीवर आता इमारती उभ्या राहिल्या, तरी पडवळासाठी त्याने पत्र्याची एक शेड राखून ठेवली होती. वर्षभर रेवा आणि तो तिथे काय करत होते, ते मला गेल्या आठवड्यात कळलं. इंजिन चालू झालंय. जासईच्या पुढे कंटेनरच्या गाड्यांसाठी एक सरळसोट रस्ता बांधलाय, अजून वाहतुकीला उघडलेला नाही. तिथे परवानगीही काढली. सत्यजीत दोन दिवस तिच्याशी बोलत नव्हता. मग तोच रुग्णवाहिकेची चौकशी करायला लागला. बापच असा विरघळला, तर मी कोणाकडे बघू?

सगळ्यात वाईट पुढेच आहे. ह्यांचा नियम तुम्हाला आठवत असेल. मी लाल रुमाल धरून हात वर करायचा आणि माझा हात खाली आल्याशिवाय ह्यांनी गाडी सोडायची नाही. अधिकारी कितीही ओरडले तरी नाही. रेवा म्हणते, तिचाही नियम तोच. मी हात खाली केला तरच ती निघणार, नाहीतर उतरून घरी येणार.

वन्सं, तेव्हापासून कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. काय करू ते लिहा. माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमची,
कुमुद


मिरज,
१३ डिसेंबर २०२५

चि. कुमुद हिस,
अ. उ. आ.

तुझ्या नावाआधी गं. भा. लिहायला माझा हात धजत नाही, आणि माझ्या धाकट्या कमळूलाही ते आवडलं नसतं. म्हणून लिहीत नाही. कोणाला चूक काढायची असेल त्याने काढावी.

पत्र वाचून माझं डोकं फिरलं. एवढीशी पोर त्या डब्यात बसणार आणि तुम्ही सगळे टाळ्या वाजवणार? विक्रमाच्या दुसऱ्याच वर्षी टायर फुटून पडवळ कसं उलटंपालटं झालं होतं, ते विसरलात काय? मी भुजच्या दवाखान्यात आले तेव्हा कमळूच्या खांद्याचं हाड मोडलेलं होतं, आणि तू बाकावर बसून एकच सांगत होतीस की मी काही पाहिलं नाही, मी डोळे मिटले होते. हात खाली करताना तू दर वेळी डोळे मिटायचीस, हे मला तेव्हा कळलं. पाणीसुद्धा तुला मी घोट घोट पाजलं होतं.

यात विचारायचं काय आहे? हात खाली करू नकोस. उभी राहा, रुमाल धर आणि तशीच राहा. पोर रुसेल, चार दिवस जेवणार नाही, पाचव्या दिवशी जेवेल. कार्यक्रमात भाषणं करा, फोटोला हार घाला, लोकांना मसालेभात वाढा. मेलेल्या माणसाची आठवण काढायला जिवंत माणूस पणाला लावायची काही गरज नाही.

रेवालाही मी वेगळं खरमरीत लिहिलं आहे. मला बोलावू नका, मी येणार नाही. माझ्याने ते बघवायचं नाही.

तब्येतीला जप. इकडे सर्व ठीक. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे.

तुझी,
अरुंधती वन्सं


पनवेल,
२० डिसेंबर २०२५

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि. (असंच लिहितात, असं आजी म्हणाली. चुकलं असेल तर तिला रागव.)

तुझं पत्र मिळालं. इतका ओरडा मला शाळेतही मिळाला नव्हता. तरी तू लिहिलंस ते सगळं खरं आहे आणि मी ते हसण्यावारी नेलेलं नाही. गाडी उलटली तरी चेपणार नाही असा लोखंडी पिंजरा आता आत बसवलाय, पट्टे नवे आहेत, टायर नवे आहेत. मला आजोबांचा विक्रम मोडायचा नाही. त्यांच्या निम्म्या वेगानेसुद्धा मी जाणार नाही, हे बाबांना लिहून दिलंय.

मग कशाला, असं तू विचारलंस. आत्याआजी, गेलं वर्षभर लोक घरी येऊन आजोबांबद्दल बोलतात. निडर होते, काळीज वाघाचं होतं, मृत्यूला भीत नव्हते. मला ते माझे आजोबा वाटतच नाहीत. माझे आजोबा मला रस्ता ओलांडताना मनगटाला धरायचे, आणि मी कॉलेजात गेले तरी धरायचे. त्या गाडीत बसल्यावर त्यांना काय वाटायचं, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. आजीला विचारलं, तिलाही माहीत नाही. आता विचारायला फक्त ती गाडीच उरली आहे.

आजीने हात खाली केला नाही तर मी खरंच उतरेन. तिच्यावर रागावणारही नाही, हे तुला वचन. पण तिला हे सांगू नकोस, नाहीतर ती घरूनच निघणार नाही.

तू आलीस तर मला फार बरं वाटेल. माझ्यावर लोभ ठेव, ओरडलीस तरी चालेल.

तुझी,
रेवा


पनवेल,
२ जानेवारी २०२६

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

श्राद्ध पार पडलं. पानाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, आत्मा समाधानी आहे. मी मनात म्हटलं, त्यांचा असेल, माझं काय?

काल काशिराम आला होता. त्याचं वय झालं, पण बोलणं तेच. म्हणाला, वैनी, तुमी काय घाबरू नका, गाडी टकाटक हाय, म्या सोता बघलीय. मी त्याला विचारलं, टायर फुटला त्या वेळीही तू स्वतःच बघितली होतीस ना? तो चहा तसाच ठेवून गेला. मला नंतर वाईट वाटलं.

वन्सं, भीती इतकी आहे की ती कुठे ठेवू कळत नाही. पोळी लाटताना लाटणं थांबतं. रेवा घरात शिरली की मी तिचे हात बघते, पाय बघते, जणू काही होऊन गेलंय. समजा मी हात खाली केला आणि तिला काही झालं, तर ते मी केलेलं असेल. सत्यजीतच्या तोंडाकडे मी बघायचं कसं? आणि नाही केला, तर आजोबांच्या आठवणीला ही पोर वर्षभर खपली, ते मी चारचौघांत मातीला मिळवलेलं असेल. तुम्हाला दोन्हीतलं एक सोपं वाटतं. मला दोन्हींनी धडकी भरते.

पन्नास वर्षांपूर्वी मी कशी करत होते कोण जाणे. डोळे मिटून करत होते, एवढं खरं.

देवासमोर दिवा लावाल तेव्हा रेवाचं नाव घ्या. दुसरं काही मागत नाही.

तुमची,
कुमुद


पनवेल,
१३ जानेवारी २०२६

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: रेवा सुखरूप आहे. आत्ता माझ्यासमोर बसून पोहे खातेय. आता बाकीचं सांगते.

रविवारी सकाळी उन्हं येताच आम्ही जासईला पोचलो. रस्ता इतका सरळ की शेवटी नुसती पांढरी रेघ दिसत होती. मंडळी दोरीच्या मागे. सत्यजीत रुग्णवाहिकेच्या दाराशी, डॉक्टरांना तेच तेच विचारत. मी रुमाल घेतला, हात वर केला आणि सवयीने डोळे मिटणार होते. पण म्हटलं, या खेपेला नको. पोरीचं तोंड बघू दे.

शिरस्त्राणातून तिचे डोळेच दिसत होते. वन्सं, ते घाबरलेले होते. मी हात वर ठेवूनच गाडीपाशी गेले आणि तिला विचारलं, भीती वाटते का? तिने मान हलवली. हो म्हणाली. तुम्ही लिहिलंत तसं करायचं, हात वर तसाच ठेवायचा, असं मी घरून ठरवून आले होते. पण तिने खरं सांगितलं आणि माझा विचार फिरला. ज्याला भीती वाटते तो ब्रेक वेळेवर दाबतो, असं मनात आलं. ती म्हणाली असती की अजिबात नाही, तर मी तिला ओढून बाहेर काढलं असतं. मी जागेवर परत आले, उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात खाली केला.

गेली. आवाज छातीत बसला. बघता बघता ठिपका झाला, मग तोही दिसेना, आवाजही थांबला. वळून परत यायचं ठरलं होतं. आली नाही. मग जीप सुटली आणि मी कोणाला न विचारता तिच्यात चढले. त्या रस्त्यावर मी काय काय बोलले, कोणाकोणाला नवस केले, मला आठवत नाही.

गाडी नीट उभी होती. रेवा आत बसलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी हाक मारली तर म्हणाली, आजी, बोटं सुटत नाहीयेत. भीतीने घट्ट आवळली गेली होती. मी वाकून एकेक बोट सोडवलं. चौथ्या बोटाला माझाच हात थांबला.

वन्सं, हे मी आधी केलेलं आहे. कच्छात विक्रम झाल्यावर सगळे ह्यांच्याकडे धावले, तरी हे गाडीत तसेच बसून होते. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं की विजयानंतरही हा माणूस किती शांत. मला मात्र हळूच म्हणाले होते, कुमुद, घामाने हात चिकटलेत, जरा सोडव. मी हसत हसत सोडवले. दर वेळी सोडवले. घाम म्हणाले, मी घाम मानला. एका घरात आम्ही दोघं घाबरत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो. रेवाला मी हे सांगितलं तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, आता ते माझे आजोबा झाले.

पण आता मला वेगळीच भीती लागून राहिली आहे. इतके घाबरायचे, तर तो रुमाल माझ्या हाती का दिला? कधीतरी मी हात खाली करणार नाही, त्यांना थांबवीन, अशी वाट बघत होते का? आणि मी डोळे मिटून दर वेळी त्यांना सोडत राहिले? सत्यजीत झाल्यावर ते आपणहून थांबले, मी थांबवलं नाही. तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका, खरं ते लिहा.

उत्तराकडे डोळे लावून,
कुमुद


मिरज,
१९ जानेवारी २०२६

चि. कुमुद हिस,
अ. उ. आ.

पत्र उभ्यानेच वाचलं. पहिली ओळ तीनदा वाचली, मग खाली बसले.

तू खरं विचारलंस, म्हणून खरं सांगते. मला माहीत नाही. कमळू मला यातलं काही कधी बोलला नाही. पण मी त्याला कडेवर घेऊन वाढवलंय, तेव्हा माझी अटकळ ऐक. त्याला थांबवणारं माणूस हवं असतं, तर त्याने तो रुमाल माझ्या हाती दिला असता. मी संध्याकाळपर्यंत हात वर धरून उभी राहिले असते आणि त्याला कानाला धरून घरी आणलं असतं. हे तो पुरतं जाणून होता. म्हणून तर मला त्याने एकदाही कच्छला बोलावलं नाही, मी गेले ती भुजच्या दवाखान्यात. त्याने तुला उभं केलं. तू डोळे मिटतेस, हे त्याला समोरून दिसत होतं ना? तू मिटले असशील, त्याने नव्हते मिटले. निघायच्या आधी दर वेळी त्याने तुला बघितलं असणार. आपल्याइतकंच घाबरलेलं एक माणूस इथे उभं आहे आणि तरी ते पळून जात नाही, एवढं त्याला पुरत असेल. माझ्यासारखीच्या तोंडाकडे बघून त्याचा पाय उचललाच नसता.

तू त्याला सोडलं नाहीस, कुमुद. तू त्याच्याबरोबर होतीस. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तुला माहीत आहे की तसं लिहायला मला येत नाही.

तू लिहीत नाहीस, पण रेवा पुन्हा बसायचं म्हणतच असणार, मी ओळखते. तारीख ठरली की मला आधी कळव. तुझी माया मला हवी आहे, ती कमी करू नकोस. या खेपेला घाबरायला मीही येते.

तुझी,
अरुंधती वन्सं