निळ्या पिना

रीनो, १४ मार्च १९७४

प्रिय आई,

मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो. छपरावरचा बर्फ काढायला कुणी आलं का?

इथल्या जुन्या बोलिंग अ‍ॅलीची निऑनची पाटी आमच्याकडे दुरुस्तीला आली होती. लाल चेंडू घरंगळत येतो आणि दहा निळ्या पिना आडव्या होतात. निळ्या उजेडासाठी काचेच्या नळीत पारा घालावा लागतो. पाऱ्यापायी बाबा गेले, तेव्हा त्याला हात न लावायची शपथ तू मला घातली होतीस, ती मी विसरलेलो नाही. मी फक्त चेंडू केला. अ‍ॅलीच्या मालकीणबाई ओरडल्या, "मग पिना काय आभाळातून पडणार आहेत?" पिना मग दुसऱ्या कारागिरानं केल्या.

काल पाटी लागली. पिनांचे वळसे असे साधलेत, की बाबांनीही पाठ थोपटली असती.

वर्नामावशीचा गुडघा कसा आहे? हात थरथरायला लागल्यावर बाबा शेवटी वापरायचे तो दोन कानांचा कप टाकला नसशील तर पाठव. उगाच, आठवण म्हणून.

पत्र टाईप केलंय म्हणून रागावू नकोस. सही तेवढी हातानं केली आहे. ती निरखत बसू नकोस.

तुझाच,
लाइल