उटण्याची पुडी

नॉटिंगहॅम, नरक चतुर्दशी, संध्याकाळ

अजून कान गरम आहेत. शेजारची अ‍ॅडवोआ फराळाला आली होती. ती मूळची घानाची. चकली खाता खाता त्यांच्या संघटनेच्या मीटिंगचं सांगत होती. काळ्या रंगाची लाज आधी आपणच टाकायची, असं ती तिथे उठून बोलली. आणि मग आपल्याच पुढाऱ्यांना जाब विचारायचा, सगळं गोऱ्यांवर ढकलून भागणार नाही. काही म्हातारे चिडले म्हणे. मी जोरात मान डोलावली. आमच्या मंडळातही असं कुणीतरी बोलायला हवं, म्हणाले.

आणि ती निघताना मी काय केलं? पुण्याहून आलेली उटण्याची पुडी तिच्या हातात ठेवली. "लावून बघ, रंग उजळतो."

तोंडातून गेलं. आईचं वाक्य. पण आईवर तरी कशाला ढकलू?

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पुडी टेबलावर ठेवत हळूच म्हणाली, "रंग उजळायच्या क्रीमनं माझ्या आईचा चेहरा जळला होता गं."

मी सॉरी म्हणाले. ती गेली. पुडी तिथेच राहिली. माझी सई पुडीचा वास घेत उभी होती. सई माझ्यासारखी सावळी, तिचा दादा रोहन बाबांसारखा गोरा.

"आई, सकाळी मला पण रंग उजळायलाच लावलं?"

"नाही गं, सण म्हणून."

"मग दादाला का थोडंसंच?"