घरच्या बाईच्या मापाचा ओटा

मळवली,
वसुबारसेच्या आधीचा सोमवार

तीर्थस्वरूप शुभदावन्सं यांना,
प्रेरणाचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण सध्या मला सरळ होता येत नाही. हे पत्र त्याचंच आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला कमी झाला का? तिकोणा पेठेत कापणी सुरू झाली असेल, आणि या दिवसांत तुम्हाला पत्र वाचायला लावणं म्हणजे पाप आहे. पण काय करू? फोन लावला की आत्या, म्हणजे तुमच्या मातोश्री, शेजारी येऊन बसतात. एरवी तीनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नाही, पण फोनवरचं, तेही पलीकडच्या माणसाचं, बरोबर ऐकू येतं. मोबाइलवर लिहून पाठवावं तर तुमचा मोबाइल तुमच्याआधी घरातले सगळे वाचतात. म्हणून हा कागद दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतेय. त्याला वाचनाची अजिबात आवड नाही, हे मी आधी खात्री करून घेतलंय.

तर, आपलं स्वयंपाकघर नवं झालं. जुना ओटा पाडला तेव्हा तुमची फार आठवण झाली. शहाबादी फरशीच्या त्या कोपऱ्यावर तुम्ही पाय हलवत बसायचात आणि आत्या भाकरी थापता थापता तुमचे पाढे घ्यायच्या. (त्यांना स्वतःला पाढे येत नव्हते. तुम्ही अडखळलात की चुकलं, न अडखळता चुकलात की बरोबर. तुमचं गणित तिथंच बिघडलं, असं तुमचे बंधू म्हणतात.) मामंजींनी तो ओटा स्वतःच्या हातांनी बांधला होता, खास आत्यांसाठी, आणि उभ्यानं स्वयंपाक करणारी बाई कशी दिसते ते बघायला आळीतल्या बायका आल्या होत्या, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. आत्यांच्या मापाचा ओटा, म्हणजे किती बुटका ते मी सांगायला नको. लग्नात अंतरपाट माझ्यासाठी वर धरावा लागला होता. मी त्या ओट्यापुढे वाकले की कंबर जायची आणि सरळ झाले की फळी कपाळात बसायची. मामंजी ते बघून म्हणायचे, ‘‘पोरी, फुडल्या टायमाला तुज्या मापाचा बांधू.’’ तो पुढचा टाइम यायच्या आधीच ते गेले. ते गेल्यावर आत्यांनीही ओट्याकडे पाठ फिरवली. ‘‘आता तुजं तू बग,’’ एवढंच म्हणाल्या. दुःखानं सोडला असणार, असं आपण सगळ्यांनी धरलं आणि कुणी काही विचारलं नाही. मी मात्र तेव्हापासून त्या ‘तुज्या मापाच्या’ वाटेकडे डोळे लावून बसले होते.

यंदा ते जमलं, कारण तुमचे बंधू ज्या बंगल्याची राखण करतात, त्या बंगल्याच्या शेठाणीला आपल्या स्वयंपाकघराच्या रंगाचा कंटाळा आला. (मला आमच्या रंगाचा कंटाळा येणं शक्य नव्हतं, कारण धुरामुळे मूळ रंग कोणता ते कुणालाच माहीत नव्हतं.) शेठ म्हणाले, ‘‘कैलास, हवं ते घेऊन जा.’’ कैलासरावांनी हवं ते आणि नको ते असा भेदभाव न करता सगळंच टेम्पोत भरलं. आपल्या ऐपतीत नवं स्वयंपाकघर होण्याचा दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण बंगल्याचं स्वयंपाकघर आपल्या घराहून मोठं आहे, हे सामान दारात उतरवेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. आता आपल्याकडे बाटल्या आडव्या ठेवायचा खण आहे. त्यात लाटणं, रवी आणि छत्र्या ठेवल्यात. विजेच्या भट्टीसाठी एक चौकोनी खण आहे, मागे बटणासकट. त्यात आत्यांनी विजेचा दिवा लावून देव बसवले, आणि खरं सांगायचं तर इतका उजेड देवांनी जन्मात पाहिला नव्हता. ग्रॅनाइटचा दगड खोलीपेक्षा लांब निघाला. ‘‘एवढा चांगला दगुड कापायचा?’’ म्हणून तुमच्या बंधूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणून ओटा आता स्वयंपाकघरातून निघून हातभर मधल्या खोलीत आलाय. त्या टोकाला टीव्ही ठेवलाय. पाहुण्यांना वाटतं, आम्ही मुद्दाम केलंय.

हे सगळं मी हसत सोसलं. रडायला लावलं ते विक्की मिस्त्रीनं. त्याच्याकडे लाल ठिपका सोडून माप घेणारं यंत्र आहे. भिंती, खिडकी, दार, सगळ्यावर त्यानं तो ठिपका मारला. पण ओट्याची उंची यंत्रानं घ्यायची नसते. घरच्या बाईला भिंतीशी सरळ उभं करायचं, हात कोपरात दुमडायला सांगायचा आणि कोपराखाली वीतभर खूण करायची, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि तो ती मोडणारा नाही. नेमकी त्या दिवशी मी औंढ्याला माहेरी, भाचीच्या बारशाला गेलेली. परत आले तर विटा चढलेल्या, दगड बसलेला आणि ओटा माझ्या मांडीला लागतोय! मी किंचाळले. विक्की म्हणाला, ‘‘वैनी, मी इचारलं, घरची बाई कोन. म्हातारी खाटंवरनं उटली, पदर नीट क्येला आन् म्हनली, मी. मंग मी काय न्हाई म्हनू?’’

सांगा वन्सं, हा कुठला न्याय? इतकी वर्षं मी रांधतेय, वाढतेय, उष्टी काढतेय, आणि घरची बाई कोण असं विचारल्यावर उत्तर निघतं ते हे! तुमचे बंधू म्हणाले, ‘‘जाऊ दे, सवय होईल.’’ (त्यांना त्या रात्री भात करपलेला मिळाला. तो चुकून करपला नव्हता.) आत्या मात्र रोज त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहतात, दगडावरून हात फिरवतात आणि खाटेकडे परत जातात. मला त्याचाही राग येतो. मामंजींनी मला दिलेला शब्द होता तो.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार.

तुमची भावजय,
प्रेरणा

ता. क. : खरं कारण आता लिहिते. कापणीच्या दिवसांत घर राखायला आई हवी, असा निरोप पाठवून तुम्ही आत्यांना आठवडाभर तिकडे घेऊन जाल का? विक्की दगड उचलून खाली विटांचे दोन थर घालायला तयार आहे, पण म्हणतो, ‘‘म्हातारी समोर असताना मी हात लावनार न्हाई.’’

दुसरा ता. क., मंगळवार सकाळ : टेम्पोवाला काल आलाच नाही, ते बरं झालं. निरोप पाठवू नका.

आज पहाटे पाणी भरून आत आले तर आत्या ओट्याशी उभ्या. हुलग्याचं पीठ मळून शेंगोळ्या वळत होत्या आणि मधूनमधून पातेल्यात डोकावत होत्या. मी दारातच थांबले. भिंतीवर जुन्या ओट्याची तेलकट रेघ अजून आहे, रंग द्यायचा राहिलाय. ती रेघ नव्या दगडाच्या चार बोटं वर आहे. म्हणजे मामंजींनी घेतलेल्या मापापासून आत्या तेवढ्या खाली आल्यात. मी त्या रेघेकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आगं, पातेल्यातलं दिसंना झालं हुतं मला. भात उतू ग्येला तरी कळंना. तुला काय सांगनार, म्हातारी आखूड झाली म्हून?’’

वन्सं, त्यांनी ओटा सोडला, त्याला आपण दुःख समजत होतो. मी तिथंच खाली बसले आणि पोटभर रडले. त्या म्हणाल्या, ‘‘रडू नगं, चव बग.’’ मीठ जास्त होतं. मी सांगितलं नाही.

तेव्हा भाऊबिजेला सकाळी येऊन संध्याकाळी पळायचं नाही. राहायच्या तयारीनं या. आईच्या हातचं आहे तोवर खाऊन घ्या. आणि येताना तुमच्या गोठ्यातलं धार काढायचं स्टूल आणा. त्यावर बसलं की हा ओटा माझ्या बरोबर मापाचा होतो, मी उपड्या बादलीवर बसून बघितलंय. सून बसलेली आणि सासू उभी, असं दुसरं घर मावळात सापडलं तर मला कळवा.