सॉल्व्हंटच्या खोलीतला पंखा

बदलापूर, शुक्रवार

प्रिय राजसी,

आई आता काठी घेऊन ओट्यापर्यंत जाते. काल तिने स्वतः तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. एक करपली, तीही आम्ही चवीने खाल्ली. तुझी चौकशी करते, "ती पोर कवा येल?" मी विषय बदलतो.

अंबरनाथच्या संशोधन केंद्रातली आपण बसवलेली यंत्रणा ठीक चाललीय. चारही इमारतींतले फ्रीझर, पंप, पंखे आणि कोण कुठल्या दारातून आत गेलं, सगळं अजून त्याच एका स्क्रीनवर दिसतं, पंप-पंखे तिथूनच चालू-बंद करता येतात. त्या यंत्रणेच्या केबलची भेंडोळी मांडीवर घेऊन आपण कॅम्प चारच्या बाजारातून रिक्षाने अंबरनाथला आलो होतो. हैदराबादच्या नोकरीचं तू मला तेव्हाच सांगितलंस. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि मीच म्हणालो, माझ्यासाठी थांबू नकोस. तू गेलीस. अडचणीला तिकडूनही मदत करता यावी म्हणून या स्क्रीनचं तुझं लॉगिन तेवढं चालू राहिलं.

गेल्या महिन्यातलं मी घरी सांगितलेलं नाही. जेवणाची सुट्टी होती, कंट्रोल रूममध्ये कोणी नव्हतं. फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवून, दाराला कार्ड लावून मी सॉल्व्हंटच्या खोलीत पंप बघायला एकटाच गेलो. पाइपचा जोड सुटला होता आणि आतली हवा बाहेर फेकणारा पंखा बंद होता. सांडलेल्या रसायनाच्या वाफेचा वास लक्षात आला तोवर डोकं जड झालेलं. मागे वळलो तर दार कुठे तेच कळेना. भिंत चाचपडत होतो, तेवढ्यात पंखा आपोआप सुरू झाला, पूर्ण वेगाने. जरा श्वास आला, दार सापडलं.

बाहेर फोन वाजत होता. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला.

"तू आत गेलेला दिसलास," तू म्हणालीस, "बाहेर आलेला दिसला नाहीस."

मग डॉक्टरकडे जा म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी पायरीवर बसून राहिलो. तिकडे तुझं स्वतःचं काम असताना भरदुपारी तू आमची स्क्रीन उघडून का बसली होतीस, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

आता बाहेरची सगळी लॉगिन बंद करायचा हुकूम आलाय. तुझं मी आज माझ्या हाताने बंद केलं. उद्या स्क्रीन उघडली नाही तर बिघाड समजून घाबरू नकोस, एवढ्यासाठी लिहायला बसलो होतो. पण एवढंच नाही. यापुढे माझी खबर हवी असेल तर मलाच विचारावी लागेल. विचारत जा. आणि तिकडे तुझ्यावर लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर ते काम मला दे.

तुझाच,
अल्पेश